हळद, बेदाणा, साखर: आहारावरचं संशोधन पारखून कसं वाचावं

सांगलीत राहून आहाराच्या बातम्या तटस्थपणे वाचणं अवघड आहे. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याच्याही आधी, आणि ऊस तर घराघराच्या हिशोबात आहे. ‘हळदीने कर्करोग बरा होतो’ असं कुठे छापून आलं की ते खरं असावं असं आपल्याला आतून वाटतं. त्यात आपला अभिमान असतो आणि मार्केट यार्डातला भावही असतो. ‘साखर घातक’ म्हटलं की मात्र लगेच शंका येते. संशोधनातल्या पूर्वग्रहाचा विषय निघाला की आपण कंपन्यांकडे बोट दाखवतो, पण पहिला कल वाचणाऱ्याच्या मनातच असतो. म्हणून जो दावा खरा ठरावा असं आपल्याला मनापासून वाटतं, तोच आधी तपासायला घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

मी जीवशास्त्र शिकवते. मुलं आणि त्यांचे पालक मोबाइलवर आलेले मजकूर घेऊन येतात, त्यात हळदीचा नंबर नेहमी वरचा. त्यामुळे पुढची सगळी पद्धत मी हळदीवरच दाखवते. बेदाणा, गूळ, ज्वारी, तेल, अंडी, काहीही असलं तरी पायऱ्या त्याच.

पहिली पायरी: दावा कागदावर उतरवा

समजा मजकूर असा आहे: ‘ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, हळद गुडघेदुखीवर रामबाण! रोज सकाळी एक चमचा हळद कोमट पाण्यातून घ्या.’

वही घ्या आणि सहा प्रश्न एकाखाली एक लिहा. प्रयोग कोणावर झाला? त्यांना नेमकं काय दिलं? किती दिलं? किती दिवस दिलं? तुलना कशाशी केली? आणि शेवटी मोजलं काय? आता मजकुरातून मिळेल तेवढं भरा. वरच्या मजकुरातून एकही प्रश्न नीट सुटत नाही. माणसांवर प्रयोग झाला असावा हा अंदाज, आणि चमचाभर पूड दिली असावी हाही अंदाजच. ‘सिद्ध केलं’ आणि ‘रामबाण’ हे शब्द या सहापैकी कशाचंच उत्तर देत नाहीत.

एवढं केलं तरी निम्मे मजकूर इथेच बाद होतात. दहावीतली मुलंसुद्धा हे सहज करतात, त्यामुळे घरात त्यांनाच कामाला लावा.

दुसरी पायरी: मूळ लेख गाठा

पबमेड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं संकेतस्थळ आहे. ते सगळ्यांसाठी मोफत आहे आणि त्यावर वैद्यकीय शोधनिबंधांचे सारांश मिळतात. शोधाच्या चौकटीत कर्क्युमा लोंगा (हळदीचं शास्त्रीय नाव) आणि नी ऑस्टिओआर्थ्रायटिस (गुडघ्याची झीज) हे शब्द इंग्रजीत टाका. डाव्या बाजूला गाळण्या असतात. त्यांतून फक्त यादृच्छिक चाचण्या, म्हणजे कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेल्या चाचण्या, वेगळ्या काढता येतात. सारांश वाचताना शेवटच्या निष्कर्षाच्या ओळीवर उडी मारू नका. आधी पद्धत वाचा, मग आकडे, निष्कर्ष सर्वांत शेवटी. निष्कर्षाची ओळ लेखकांच्या मनाप्रमाणे लिहिलेली असते, पद्धतीत तेवढी सवलत नसते.

आपल्या मजकुरामागचा निबंध सापडतो. तो २०२० साली ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात आला आणि प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाच्या मंडळींनी केला. आता वही पुन्हा उघडा. प्रयोग कोणावर? गुडघ्याची झीज आणि सांध्यात पाणी असलेल्या ७० जणांवर. काय दिलं? हळदीचा प्रमाणित अर्क, कॅप्सूलमधून, म्हणजे आपली डब्यातली पूड नव्हे. किती? रोज १००० मिलिग्रॅम. किती दिवस? १२ आठवडे. तुलना कशाशी? तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या कॅप्सूलशी. काय मोजलं? शंभर अंकांच्या पट्टीवर रुग्णाने स्वतः सांगितलेली वेदना, आणि एमआरआयमध्ये दिसणारं सांध्यातलं पाणी व सूज.

निकाल असा: अर्क घेणाऱ्यांची वेदना दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ९ अंकांनी जास्त उतरली. एमआरआयमधल्या सुजेत मात्र फरक पडला नाही.

मजकुरातला ‘रामबाण’ आणि मूळ लेखातले ‘शंभरात नऊ अंक’ शेजारी शेजारी ठेवा. चाचणी चांगली होती. तिची रचना नेटकी होती आणि न जमलेली गोष्टही तिच्या लेखकांनी उघडपणे सांगितली. बिघाड झाला तो नंतरच्या प्रवासात.

पबमेडवर असताना आणखी एक गोष्ट पाहून घ्या. निबंध मागे घेतला असेल तर तशी ठळक सूचना त्यावर असते. हळदीच्या बाबतीत ही तपासणी अजिबात टाळू नये. कर्क्युमिनवर, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकावर, विपुल लिहिणाऱ्या टेक्सासमधल्या एका नामांकित संशोधकाचे पुष्कळ निबंध प्रतिमांमधल्या फेरफारांच्या संशयावरून नियतकालिकांनी मागे घेतले आहेत. त्या निबंधांचा आधार घेऊन लिहिलेले इतर लेख मात्र आजही फिरत आहेत.

तिसरी पायरी: काचेची बशी, उंदीर की माणूस?

हळदीचे सर्वांत जास्त चमत्कार काचेच्या बशीत घडलेले आहेत. बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं, पेशी मेल्या, बातमी झाली. बशीत टाकलेला पदार्थ थेट पेशीला भिडतो. माणसाच्या पोटात गेलेला पदार्थ आधी आतड्याच्या भिंतीशी अडतो, मग यकृतात मोडतो, आणि उरलाच तर रक्तात उतरतो. कर्क्युमिन या वाटेत जवळजवळ संपून जातं.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती बाहेर फारशी कुणी सांगत नाही. कर्क्युमिन प्रकाश पडला की स्वतः चमकतं. प्रयोगशाळेतल्या कितीतरी चाचण्या चमक मोजूनच ‘औषध लागू पडलं’ असं ठरवतात. शिवाय ते अनेक प्रथिनांना सरसकट चिकटतं आणि द्रावणात लवकर विघटित होतं. त्यामुळे बशीतल्या चाचणीत ते लागू पडल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात तसं काही झालेलं नसतानाही. २०१७ साली जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत रसायनशास्त्रज्ञांनी याचा मोठा आढावा घेतला. तोवर कर्क्युमिनच्या १२० हून अधिक मानवी चाचण्या हाती घेतल्या गेल्या होत्या. त्यांतली एकही दुहेरी अंध, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कोणाला काय दिलंय हे ठाऊक नसलेली, चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असा त्यांचा स्पष्ट निष्कर्ष होता. टास्मानियाची चाचणी त्यानंतरची, आणि तिचं यशही अर्धंच.

उंदरांबद्दल थोडक्यात: शीर्षकात किंवा सारांशात उंदीर दिसला तर वहीत ‘माणसांवर अजून नाही’ असं लिहा आणि पुढे जा.

चौथी पायरी: मात्रा स्वयंपाकघरात मोजून पाहा

ही पायरी कागदावर करू नका, ओट्याशी उभं राहून करा.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्के असतं. वाण, जमीन आणि वाळवण्याप्रमाणे ते थोडं कमीजास्त होतं. सपाट चमचाभर पूड सुमारे ३ ग्रॅम भरते, म्हणजे तिच्यात कर्क्युमिन ९० मिलिग्रॅमच्या आसपास. चाचण्यांमध्ये रोज ५०० पासून २००० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देतात. नुसतं १००० मिलिग्रॅम कर्क्युमिन पुडीतून मिळवायचं म्हटलं तर ३३ ग्रॅम, म्हणजे अकरा चमचे हळद रोज पोटात जायला हवी. चार माणसांच्या घरात आमटी, भाजी, फोडणी सगळं धरून दिवसाला एवढी हळद कधीच लागत नाही. अर्काच्या कॅप्सूलवर झालेला प्रयोग आमटीला लावता येत नाही, हे हा हिशोब एकदा केला की पटतं. ज्यांना काट्यावर वजन करता येईल त्यांनी करून पाहाच.

इथेच काळ्या मिरीचा प्रसिद्ध आकडा येतो. ‘मिरीसोबत हळद घेतली की फायदा २००० टक्के वाढतो.’ या आकड्यामागे १९९८ साली प्लँटा मेडिका या नियतकालिकात आलेला बेंगळुरूचा एक छोटा अभ्यास आहे. त्यात निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं, तेव्हा ते रक्तात सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य सापडलं. त्याच्यासोबत मिरीतलं पिपेरीन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा पहिल्या तासाभरात रक्तातलं प्रमाण वाढलं, आणि ती वाढ २००० टक्के भरली. आता नीट पाहा. जवळजवळ शून्याची वीसपट केली तरी हाती येणारा आकडा लहानच राहतो. आणि त्या अभ्यासात मोजली होती ती रक्तातली पातळी. कुणाचाही गुडघा, साखर किंवा गाठ मोजलेली नव्हती. ‘फायदा’ हा शब्द नंतर चिकटला. अभ्यासाच्या लेखकांमध्ये मिरीचा अर्क विकणाऱ्या कंपनीचे संस्थापकही होते, हेही वहीत टिपून ठेवा.

कुठलीही टक्केवारी दिसली की ‘कितीचे टक्के?’ हे विचारायची सवय घरातल्या सगळ्यांना लागावी असं मला फार वाटतं. हजारात दोघांना होणारा आजार हजारात तिघांना होऊ लागला तरी बातमी ‘धोका ५० टक्क्यांनी वाढला’ अशीच येते.

पाचवी पायरी: नुसतं पाहिलं की खरोखर प्रयोग केला?

आहाराच्या बहुतेक बातम्या निरीक्षणातून येतात. हजारो माणसांना ती काय खातात हे विचारायचं, काही वर्षं थांबायचं आणि कोण आजारी पडलं ते पाहायचं. यात दोन भेगा आहेत.

पहिली भेग प्रश्नावलीची. ‘गेल्या वर्षभरात आठवड्यातून सरासरी किती वेळा हिरव्या पालेभाज्या खाल्ल्या?’ या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे देऊन बघा. हिवाळ्यातला हरभऱ्याचा पाला, उन्हाळ्यात महागलेली मेथी, श्रावणातले उपवास, लग्नसराईतली जेवणं, पूर आला ते दिवस, या सगळ्याची सरासरी कोण काढणार? आणि ‘एक भाकरी’ म्हणजे जतच्या शेतकऱ्याची की विश्रामबागच्या फ्लॅटमधली? अशी हजारो उत्तरं एकत्र केली की त्यातून दशांशापर्यंतचे आकडे निघतात. मुळातली धूसरता त्याने जात नाही.

दुसरी भेग माणसांमधल्या फरकाची. रोज मूठभर बेदाणे खाणाऱ्याला बेदाणे परवडतात. त्याला सकाळी फिरायला वेळ असतो, दुखलं खुपलं तर तो मिरजेच्या डॉक्टरकडे लगेच जातो. तो जास्त जगला तर श्रेय बेदाण्याचं किती आणि बाकीच्या सगळ्याचं किती, हे नुसतं पाहून वेगळं करता येत नाही. संशोधक गणिताने तसा प्रयत्न करतात, पण जे मोजलंच नाही ते गणितात येत नाही.

याचा मोठा धडा फिनलंडमध्ये मिळाला. बीटा-कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांतला नारिंगी घटक) असलेली फळं-भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं निरीक्षणांतून दिसत होतं. मग २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला. काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या, काहींना नुसत्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. सगळ्यांना ज्याची खात्री वाटत होती त्याच्या अगदी उलट. भाजी चांगली असू शकते आणि भाजीतून काढलेली गोळी घातक असू शकते.

सहावी पायरी: किती ठिकाणी खडे मारले होते?

२०१५ साली पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ‘डार्क चॉकलेटने वजन लवकर उतरतं’ असा एक अभ्यास मुद्दाम कच्चा ठेवून प्रसिद्ध करून दाखवला. माणसं फक्त पंधरा, पण प्रत्येकाच्या वेगवेगळ्या १८ गोष्टी मोजल्या: वजन, कोलेस्टेरॉल, झोप आणि आणखी कितीतरी. काहीच परिणाम नसतानाही एखादी गोष्ट योगायोगाने ‘लक्षणीय’ दिसण्याची शक्यता वीसात एक धरतात. अठरा गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या तर निदान एक तरी तशी दिसण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या घरात जाते. त्यांना वजन लागलं. कोलेस्टेरॉल लागलं असतं तर बातमी त्याची झाली असती. अनेक देशांतल्या वृत्तपत्रांनी ती छापली.

यावर उपाय म्हणजे आधी जाहीर केलेलं लक्ष्य. ‘आम्ही मुख्यतः अमुक मोजणार’ हे प्रयोग सुरू होण्यापूर्वी नोंदवायचं. भारतात यासाठी सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, ही नोंदवही आहे. ती आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) संस्था चालवते, २००७ पासून सुरू आहे, आणि २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची आहे. तिचं संकेतस्थळ कुणालाही पाहता येतं. निबंधात नोंदणी क्रमांक असतो, तो तिथे टाका आणि तीन गोष्टी पाहा: नोंद पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे की नंतरची, नोंदीतलं मुख्य लक्ष्य आणि निबंधातलं मुख्य लक्ष्य एकच आहे का, आणि ठरवलेली रुग्णसंख्या शेवटी भरली का. लक्ष्य मध्येच बदललेलं दिसलं तर त्या निकालावर माझा भरवसा बराच उतरतो. देशी कॅप्सूल आणि काढ्यांच्या जाहिरातीत ‘वैद्यकीय चाचणीत सिद्ध’ असं असेल तर विक्रेत्याकडे सीटीआरआय क्रमांक जरूर मागा.

सातवी पायरी: पैसा कोणाचा?

ही पायरी ऊसपट्ट्यात राहून लिहिताना मला जास्त जबाबदारीने लिहायची आहे.

१९६७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी हृदयविकार आणि आहार यांवर दोन भागांत आढावा लिहिला. त्यात दोष चरबी आणि कोलेस्टेरॉलवर आला, साखरेवरचे पुरावे कमकुवत ठरवले गेले. त्या आढाव्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संघटनेने ६,५०० डॉलर दिले होते, विषयही तिनेच सुचवला होता आणि मसुदे प्रसिद्धीपूर्वी तिच्या नजरेखालून गेले होते. लेखात याचा उल्लेख नव्हता. ही सगळी पत्रं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधून २०१६ साली जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये मांडली. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत त्या आढाव्याची री ओढली गेली.

आपला ऊस उत्पादक यात कुठेही दोषी नाही. पण साखरेवरच्या संशोधनाकडे डोळे उघडे ठेवून बघण्याची जबाबदारी सर्वांत जास्त आपल्यावर येते, कारण मधुमेहाच्या गोळ्याही आपल्याच घरात आहेत.

निबंधाच्या शेवटी निधी आणि हितसंबंध अशी दोन छोटी टिपणं असतात. ती आधी वाचा. फळांचे रस, शीतपेयं आणि दूध यांवरच्या लेखांची २००७ साली तपासणी झाली, तेव्हा पूर्णपणे उद्योगाच्या पैशावर झालेल्या लेखांचा निष्कर्ष त्या उद्योगाला अनुकूल निघण्याची शक्यता सुमारे चार ते आठ पटींनी जास्त आढळली. मात्र कंपनीचा पैसा दिसला म्हणून निकाल लगेच खोटा ठरत नाही. टास्मानियाच्या चाचणीलाही विद्यापीठासोबत अर्क बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता, आणि तरी ‘सूज उतरली नाही’ हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पैसा दिसला की बाकीच्या पायऱ्या अधिक कसून चढायच्या, इतकंच.

आठवी पायरी: एका निबंधावर थांबू नका

यार्डात पोत्याच्या तोंडाशी ठेवलेली चार सुरेख हळकुंडं पाहून कुणी जाणता व्यापारी सौदा करत नाही, तो पोत्यात खोलवर हात घालतो. संशोधनातही वर दिसतात ते यशस्वी प्रयोग. फसलेले पुष्कळ प्रयोग छापलेच जात नाहीत. म्हणून एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या शोधून, त्यांची प्रत जोखून लिहिलेला पद्धतशीर आढावा पाहावा. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आढावे यासाठी मला सर्वांत भरवशाचे वाटतात, आणि त्यांचे सोप्या भाषेतले सारांश मोफत असतात. मात्र वीस लहान, कच्च्या चाचण्या एकत्र केल्या तरी त्यातून एक पक्की चाचणी तयार होत नाही, हे आढावा वाचतानाही लक्षात ठेवा.

मोठ्या निबंधांतही चुका निघतात. भूमध्य सागरी आहारावरची स्पेनची प्रेडिमेड चाचणी, ७,४४७ माणसांची, २०१३ साली गाजली. पुढे कळलं की काही ठिकाणी माणसं यादृच्छिकपणे वाटलीच नव्हती. एकाच घरातल्यांना एकाच गटात टाकलं होतं, एका केंद्रात तर अख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला होता. २०१८ साली लेखकांनी निबंध मागे घेतला, आकडे पुन्हा मांडले आणि मवाळ भाषेत नव्याने प्रसिद्ध केला. असं जाहीरपणे दुरुस्त होणारं शास्त्र मला जास्त विश्वासाचं वाटतं.

नववी पायरी: चुकलो तर काय जाईल?

आता निर्णय. दावा खोटा निघाला तर आपलं काय नुकसान, हे आधी ठरवा. आमटीत, भाजीत, दुधात घालतो तेवढ्या हळदीने नुकसान काही नाही, चव आहे, परंपरा आहे, चालू ठेवा. अर्काच्या कॅप्सूलचा हिशोब वेगळा. २०१९ साली इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याचे प्रकार एकापाठोपाठ नोंदले गेले, आणि नंतर अमेरिकेतूनही असे रुग्ण समोर आले. मिरीचं पिपेरीन इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. फिट्सवरच्या फेनिटॉइनबाबत हे अभ्यासांत दिसलं आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, यकृताचा त्रास असेल किंवा ऑपरेशनची तारीख ठरली असेल, तर डब्यावरचं लेबल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कॅप्सूल सुरू करू नका. कॅप्सूल सुरू असताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि चालू असलेलं कुठलंही औषध मोबाइलवरच्या मजकुरामुळे बंद करायचं नाही.

ग्रुपवर उत्तर देताना मजकूर पाठवणाऱ्याचा मान राखा. आपल्या माणसाने काळजीपोटीच तो पाठवलेला असतो. मी साधारण असं लिहिते, हवं तर जसंच्या तसं घ्या:

‘आत्या, तू पाठवलेलं वाचलं आणि मूळ अभ्यासही पाहिला. सत्तर जणांना बारा आठवडे हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, घरची पूड नव्हती. दुखणं थोडं कमी झालं, शंभरात नऊ अंकांनी, पण सूज तशीच राहिली. जेवणातली हळद चालू दे. कॅप्सूल घ्यायच्या असतील तर तुझ्या रक्त पातळ होण्याच्या गोळीमुळे आधी डॉक्टरांना विचारू. शनिवारी मी येते, आपण दोघी मिळून मिरजेला जाऊन येऊ. येताना डबा बरोबर घे.’